पगार कापायला एक मेल, नोकरी सोडायला सहा महिने : कार्गो पायलटच्या दादाचं खुलं पत्र

प्रति,
मा. मुरलीधर मोहोळ साहेब,
राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक आणि सहकार
आणि सोबत डीजीसीएमध्ये, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात, जे जे साहेब नियम लिहितात ते सगळे

अण्णा, नमस्कार.

त्या खात्यात मराठी वाचणारा मंत्री बसलाय म्हणून मराठीतच लिहितोय. मी निफाड तालुक्यातला द्राक्षवाला. ओझरचं विमानतळ आमच्या बागेपासून मोटारसायकलवर जवळच. आधी मिग आणि मग सुखोई, त्या आवाजात आमची शाळा झाली, मास्तर शिकवता शिकवता थांबायचे आणि विमान लांब गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू. त्या आवाजापायीच माझा धाकटा भाऊ पायलट झाला. आज एका छोट्या कार्गो एअरलाइनमध्ये, म्हणजे नुसता माल नेणाऱ्या विमान कंपनीत, फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट आहे. म्हणजे कागदावर आणि मिटिंगांत आहे, खात्यात पगार म्हणाल तर वेगळी गोष्ट. त्याचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही, एक तर त्याची आहे ती नोकरी जाईल आणि दुसरं म्हणजे त्याच्या ओळखीतल्या दुसऱ्या दोन-तीन कंपन्यांतल्या पोरांकडून मी हेच ऐकलंय, फक्त लेटरहेड वेगळं.

मुद्दा छोटा आहे. डीजीसीएचा २०१७ चा नियम सांगतो की को-पायलटला नोकरी सोडायची असेल तर ६ महिन्यांची नोटीस, कॅप्टनला १२ महिन्यांची. बरं. आता उलटं बघा. कंपनीला त्याच को-पायलटचा पगार कमी करायचाय, तर किती दिवसांची नोटीस? शून्य. रात्री एक मेल येतो, "प्रिय सहकारी" वगैरे, आणि कपात पुढच्या महिन्यापासून, कधी कधी तर चालू महिन्यापासूनच. एका बाजूला सहा महिने आणि दुसऱ्या बाजूला सेंडचं बटण. हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही, आणि मी बऱ्याच जणांना विचारलं.

इथे लगेच लोक म्हणणार, पायलटला काय कमी राव, लाखात पगार, आम्ही वीस हजारात घर चालवतो. मान्य. मी पण शेतकरीच आहे, मला पण आधी तसंच वाटायचं. पण हा पगार यायच्या आधी काय जातं ते बघा. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, मग डीजीसीएचे पेपर, नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन, टेक्निकल, वर आरटीआर म्हणजे रेडिओवर बोलायचं लायसन्स, मग क्लास वन मेडिकल, मग २०० तास फ्लाइंग, तेव्हा कुठे कमर्शियल लायसन्स हातात. आणि ते लायसन्स म्हणजे नोकरी नाहीच, ज्या विमानावर नोकरी त्याचं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच विमानाचं ट्रेनिंग आणि परवाना, वेगळं करायचं, त्याचे पुन्हा लाखो रुपये, आणि मोठ्या कंपन्यांत जागा नसेल तर छोट्या कार्गोवाल्याकडे स्वतःच्या खर्चाने करून जायचं, वर ठरल्या मुदतीआधी सोडणार नाही अशा बॉन्डवर सही. आमच्याकडे एज्युकेशन लोनला बँकेनं तारण मागितलं, वडिलांनी विचार केला नाही, सातबाऱ्यावर बोजा चढला. आजही आहे. दरवर्षी सोसायटीच्या कामाला सातबारा काढला की त्या कॉलमकडे बघून आई म्हणते, विमानाचं ना हे.

लायसन्स मिळालं आणि लगेच कोविड आला, मग दोन-अडीच वर्षं पोरगा बागेत. पण त्याच काळात कार्गोला सोन्याचे दिवस आले हे पण खरं. प्रवासी विमानं जमिनीवर, मालाचे रेट आकाशात, ऑनलाइन खरेदी वाढलेली, मग काय, ज्याला त्याला कार्गो एअरलाइन काढायची होती. जुनी प्रवासी विमानं घ्यायची, सीटा काढायच्या, बाजूला मोठा दरवाजा बसवायचा, फ्लोअर मजबूत करायचा, झालं फ्रेटर. त्या लाटेत धाकट्याला नोकरी लागली. पेढे वाटले आम्ही पिंपळगावात.

पहिलं वर्ष झकास. मग पगार ७ तारखेचा १५ तारखेला, मग २५ ला, मग दोन हप्त्यांत. मग ती मेल.

ती मेल मी स्वतः वाचली, त्याने मोबाइल माझ्या हातात दिला होता. आधी त्यांचं असं होतं की महिन्याला ७० तासांचे पैसे फिक्स, म्हणजे ४० तास उडालास तरी ७० चे मिळणार, कारण विमान उभं राहिलं तर त्यात पायलटची चूक काय. मेलमध्ये लिहिलं होतं की "बदलत्या बाजार परिस्थितीत" फिक्स तास आता ४०, त्याच्या वर जेवढे प्रत्यक्ष उडाल तेवढे. लेओव्हर अलाउन्स, म्हणजे बाहेरगावी मुक्कामाचा भत्ता, निम्मा. आणि शेवटी एक ओळ, ही व्यवस्था तात्पुरती आहे आणि पुढील सूचना मिळेपर्यंत लागू राहील. तात्पुरती आणि पुढील सूचनेपर्यंत, एकाच वाक्यात! तात्पुरतं म्हटलं की तारीख लागते, ती नव्हती. खाली सही पण कोणाची नाही, नुसतं "टीम एचआर".

चार महिन्यांनी विमान सी चेकला गेलं, मोठा मेंटेनन्स असतो तो, आणि तिथेच अडकलं, कारण मेंटेनन्सवाल्याचे पैसे बाकी. कंपनीकडे विमानं किती, दोन. त्यातलं एक हे. मग रोस्टरमध्ये आळीपाळीने "लीव्ह विदाउट पे". ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे फॉर्म भरून पाठवा, नाही पाठवला तर फोन येतो.

आता कंपनीची बाजू पण सांगतो, नाही तर म्हणाल एकतर्फी लिहिलं. छोट्या कार्गो एअरलाइनचा धंदा अवघड आहे, खोटं नाही. लीज डॉलरमध्ये, कमाई रुपयात. विमान उडो न उडो महिन्याचं भाडं चालू. इंधन जीएसटीच्या बाहेर, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा, आपल्याच राज्यात २०२३ च्या बजेटमध्ये मुंबई, पुणे, रायगडपुरता २५ टक्क्यांवरून १८ वर आणला. वर स्पर्धा कोणाशी, तर प्रवासी विमानाच्या पोटातल्या मालाशी. इंडिगो, एअर इंडियाचं विमान प्रवासी घेऊन जाणारच आहे, त्याच्या पोटात जो माल जातो त्याचे पैसे म्हणजे वरकमाई, त्या रेटला नुसतं मालाचं विमान चालवून कसं परवडणार? म्हणून हे छोटे लोक एखाद-दुसऱ्या मोठ्या गिऱ्हाइकावर जगतात, कुठली कुरिअर कंपनी किंवा ऑनलाइन विक्रीवाला, आणि त्याने दिवाळी झाल्यावर करार रिन्यू केला नाही की संपलं. हे सगळं मला धाकट्यानेच सांगितलं, तोही कंपनीला शिव्या घालत नाही, तो म्हणतो दादा, यांचं गणितच तसं आहे.

पण अण्णा, गणित अवघड आहे तर ते सगळ्यांनाच अवघड व्हायला पाहिजे ना. इंधनवाला बाकी ठेवतो का? थकबाकी वाढली की रोख दे आणि भर म्हणतो. विमानतळवाले आणि मेंटेनन्सवाले तर पैसे दिल्याशिवाय विमान सोडत नाहीत, ते वर सांगितलंच. आणि लीजवाला, म्हणजे विमानाचा खरा मालक, त्याच्यासाठी तर तुम्ही २०२५ मध्ये संसदेत स्वतंत्र कायदा आणला, विमान वस्तू हितसंबंध संरक्षण कायदा, का तर गो फर्स्ट ही प्रवासी विमान कंपनी बंद पडली तेव्हा त्यांची विमानं इथे अडकली, कोर्टात वर्ष गेलं, जगात भारताचं नाव खराब झालं, लीज महाग झाली. योग्यच केलं, मी म्हणत नाही चुकलं. पण त्याच गो फर्स्टच्या पायलटांचं आणि केबिन क्रूचं काय झालं यावर एवढ्या घाईने काही आलेलं मला तरी दिसलं नाही. या पूर्ण धंद्यात सगळ्यांचा व्यवहार रोखीचा, उधारी फक्त पायलटची आणि इंजिनिअरची. पायलटचा थकलेला पगार म्हणजे कंपनीला मिळालेलं बिनव्याजी कर्ज आहे, आणि त्याचं व्याज आमच्या सातबाऱ्यावर चढतंय.

आमच्याकडे द्राक्षाचा व्यापारी असाच असतो. सीझनला पहिल्या गाडीचे पैसे बांधावर, गोड बोलणं, मग अर्धे आत्ता अर्धे पुढच्या आठवड्यात, मग माल बघून रेट पाडणं, आणि शेवटच्या प्लॉटला फोन स्विच ऑफ. नाशिक जिल्ह्यात असे किती पळाले हे सांगायला नको, पोलिसांना मोहीम काढावी लागली होती वसुलीसाठी. पण निदान बाजार समितीत कांदा विकला तर २४ तासांत पेमेंट द्यायचं असा नियम आहे, पाळत नाही तो भाग वेगळा, पण बोट दाखवायला नियम आहे, व्यापाऱ्याचं लायसन्स अडकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेट पाडला तर मी माल दुसऱ्याला देऊ शकतो. मला कोणी म्हणत नाही की रेट कमी केलाय पण पुढचे सहा महिने माल यालाच घालायचा. माझ्या भावाला म्हणतात.

आता त्या नोटीसच्या नियमाबद्दल थोडं सविस्तर, कारण डीजीसीएवाले म्हणतील याने वाचलं नाही. वाचलंय. धाकट्याने पीडीएफ पाठवली होती, दोन रात्री बसून वाचली. कारण काय दिलंय, तर पायलट तयार करायला वेळ लागतो, ते अचानक, घोळक्याने सोडून गेले तर फ्लाइट रद्द होतात आणि प्रवाशांचे हाल होतात. २०२३ मध्ये अकासा विमान कंपनीचे चाळीसच्या वर पायलट नोटीस न भरता गेले आणि कंपनी कोर्टात गेली तेव्हा हीच चर्चा होती. प्रवाशांचा मुद्दा मी समजू शकतो. पण भाऊ चालवतो त्या विमानात प्रवासी एकही नाही, मोबाइलचे खोके आहेत आणि औषधं आहेत! आणि त्याच नियमात एक कलम असंही आहे की नोटीसच्या काळात कंपनीने पगार किंवा सवलती कमी केल्या तर पायलट लवकर सोडायची विनंती करू शकतो, कंपनी नाही म्हणाली तर डीजीसीएकडे जाऊ शकतो आणि डीजीसीए म्हणेल तो शेवटचा शब्द. छान कलम आहे. फक्त ते "नोटीसच्या काळात" एवढ्यापुरतं आहे. कंपनी काय वेडी आहे का? ती आधी कापते. मग तुम्ही राजीनामा द्या, सहा महिने कापलेल्या पगारावर काढा, त्यात दोन महिने लीव्ह विदाउट पे, आणि सगळं करून एनओसीसाठी, म्हणजे ना-हरकत दाखल्यासाठी, एचआरच्या दारात. नवी कंपनी एनओसीशिवाय घेत नाही आणि सहा महिने थांबतही नाही. ऑफर येते आणि जाते. धाकट्याची एक गेलीच.

बरं, सोडलं नाही, बसून राहिला तर? तर त्याचं लायसन्स गंजायला लागतं. ९० दिवसांत तीन टेक-ऑफ लँडिंग पाहिजेत, नाहीतर रिसन्सी, म्हणजे हात चालू असल्याची पात्रता, जाते, मग सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरचं नकली कॉकपिट. सहा महिन्यांनी चेक, तो पण सिमवर. सिमचा तास काय स्वस्त नसतो, आणि कंपनी म्हणते विमान उभं आहे तर सिम कशाला बुक करू. म्हणजे पगार नाही, सोडता येत नाही, आणि दिवसेंदिवस दुसरीकडे जायची लायकी कमी होत चालली. गेल्या सीझनला गोडी छाटणीच्या वेळी तो घरी होता, दिवसभर मजुरांबरोबर बागेत आणि रात्री पडवीत आयपॅडवर मॅन्युअल उघडून इंजिन फेल्युअरचे आयटम तोंडपाठ, डोळे मिटून हात हवेत, हा स्विच, तो लिव्हर, समोर काही नाही, नुसती भिंत. मी विचारलं विमान सुरू झालं का, म्हणाला नाही, पण झालं तर मी तयार पाहिजे.

आणि उडतो तेव्हा काय असतं ते पण लिहितो, कारण कार्गो पायलट म्हणजे काय हे लोकांना माहीतच नाही. सगळं रात्रीचं. तुम्ही आज ऑर्डर केलेलं उद्या सकाळी दारात पाहिजे ना, मग ते रात्री उडणार. साडेअकराला हॉटेलवरून पिकअप, मग हवामान, नोटॅम म्हणजे पायलटांसाठीच्या सूचना, इंधन किती घ्यायचं ते. विमानाजवळ गेलं तर लोडिंग अर्धवट, पावसात पॅलेट भिजलेले, प्लास्टिकवर पाणी साचलेलं, आणि एका पॅलेटचं वजन कागदावर एक आणि काट्यावर एक. वजन चुकलं तर विमानाचा तोल चुकतो, म्हणून लोडशीट परत, ट्रिम परत. तोपर्यंत दोन वाजतात. दोन ते सहा ही वेळ अशी असते की शरीर म्हणतं झोप, माणूस कितीही सवयीचा असू दे. पहाटे साडेचारला उतरायचं, चहा, परत दुसरं सेक्टर, आणि यायच्या वेळी सूर्य बरोबर समोरून डोळ्यात. सकाळी आठला हॉटेलात झोपायला जातो तेव्हा कॉरिडॉरमध्ये व्हॅक्यूम क्लीनर सुरू झालेला असतो.

आता या माणसाला तुम्ही प्रत्यक्ष तासांवर पैसे लावले. तो एखाद्या रात्री खरंच थकलाय, ताप आहे, झोप झाली नाही. नियमाने त्याने फॅटिग म्हणजे थकवा रिपोर्ट करायला पाहिजे, मी आज फिट नाही. पण रिपोर्ट केला की ते तास गेले, तास गेले की पैसे गेले, आणि १० तारखेला ईएमआय. काय करेल तो? तुम्ही काय कराल? मी भावाला हा प्रश्न विचारला, तो काहीच बोलला नाही, विषय बदलला. पगार कपातीकडे नुसता मालक-नोकराचा वाद म्हणून बघता येत नाही ते इथे. ते विमान जातं आपल्याच गावांवरून.

आणि कार्गो म्हटलं की थोडं चालतं, ही वृत्ती फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत २००९ च्या एका मोठ्या अपघातानंतर पायलटांच्या विश्रांतीचे कडक नियम केले, जानेवारी २०१४ पासून लागू, आणि त्यातून कार्गोवाल्यांना वगळलं, खर्च परवडत नाही म्हणून. मधल्या मध्ये १४ ऑगस्ट २०१३ ला पहाटेच्या अंधारात यूपीएसचं मालवाहू विमान अलाबामात बर्मिंगहॅमला उतरताना टेकडीवर पडलं, दोन्ही पायलट गेले, आणि चौकशी अहवालात थकव्याचा उल्लेख आहे. आपल्याकडे नवीन एफडीटीएल, म्हणजे पायलटांच्या ड्युटीच्या तासांचे आणि विश्रांतीचे नियम, आलं, रात्रीच्या लँडिंग ६ वरून २, आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८, आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोचा जो गोंधळ झाला त्यामुळे हा शब्द रिक्षावाल्यांना पण पाठ झाला. तेव्हा काय केलं, तर कंपनीची अडचण म्हणून नियमात तात्पुरती सूट दिली. लाखो प्रवासी अडकले होते, तुमची पण कोंडी झाली असेल, समजतो. पण कंपनी अडचणीत आली की नियम एका आठवड्यात वाकू शकतो हे आम्ही तेव्हा बघितलं, तर पायलट अडचणीत आल्यावर तो सात-आठ वर्षं सरळ कसा उभा राहतो?

हे पहिल्यांदा होतंय असं पण नाही. नागपूरला हब करून डेक्कन ३६० ही मालवाहू कंपनी निघाली होती २००९ मध्ये, कॅप्टन गोपीनाथांची, आपल्या महाराष्ट्राला केवढं कौतुक, २०११ मध्ये बंद. २०१२ मध्ये किंगफिशर, लोकांचे कित्येक महिन्यांचे पगार बुडाले. १७ एप्रिल २०१९ ला जेटचं शेवटचं विमान, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनी विकून हिशोब करा असा निकाल दिला, म्हणजे कामगार साडेपाच वर्षं नुसते वाट बघत. मे २०२३ गो फर्स्ट. या मोठ्या कंपन्यांची निदान बातमी होते, टीव्हीवाले येतात. दोन विमानांची कार्गो कंपनी बंद पडली तर बिझनेसच्या पानावर चार ओळी पण येत नाहीत. एअरपोर्टवर कोणी प्रवासी ओरडत नाही, कोणी व्हिडिओ काढत नाही, खोके दुसऱ्या विमानाने जातात.

आणि कंपन्यांना सरकारने काही दिलं नाही असंही नाही हं. २०२० मध्ये परदेशी चार्टर मालवाहू विमानांना देशात सहाच विमानतळांवर यायची मुभा ठेवली, म्हणजे इथल्या कार्गो कंपन्यांना आडोसा मिळाला. मिळू दे. पण ज्या कंपनीला देशाच्या नावाने आडोसा दिला तिने आपल्याच पोरांचे पगार वेळेत द्यावेत, एवढी अट त्यात घालता आली असती.

नाशिकचं म्हणाल तर आमच्याकडे प्रत्येक इलेक्शनला ओझरहून द्राक्ष, डाळिंब, फुलं विमानाने जाणार असतात. एचएएल (विमानं बनवणारी सरकारी कंपनी) आणि कॉन्कोर (रेल्वेची कंटेनर कंपनी) यांचं कार्गो कॉम्प्लेक्स आहे तिथे, शेळ्या-मेंढ्या शारजाला गेल्या विमानाने, ते बघायला आम्ही पण गेलो होतो कुंपणाबाहेर. आमची द्राक्षं मात्र अजून कंटेनरनेच न्हावा शेवाला जातात, आणि जाऊ देत, विमानाचा रेट द्राक्षाला परवडत नाही हे मला कोणी शिकवायला नको. सांगायचा मुद्दा असा की मालाच्या विमानाची स्वप्नं विकताना ते चालवणारा कोण, त्याला पगार कोण देणार, हे कुठल्याच भाषणात नसतं. देशाला पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ३० हजार पायलट लागणार असं तुमच्या खात्यातून सांगतात, ते ऐकून आमच्या तालुक्यातले दोन पालक मला फोन करून विचारत होते, पोराला घालू का. मी काय सांगू? मी म्हटलं घाला, पण जमीन नका घालू.

आता मागणं. फुकटचं काही मागत नाही, सबसिडी नाही, पॅकेज नाही. नोटीसच्या त्या नियमात एक दुरुस्ती करा, की कंपनीने पायलटच्या लेखी संमतीशिवाय पगार, फिक्स तास किंवा भत्ते कमी केले, किंवा पगार ठरलेल्या तारखेपासून महिनाभर थकवला, तर त्या दिवसापासून नोटीसचं बंधन संपलं आणि एनओसी आपोआप मिळालेली धरायची. बस. कपात करू नका असं मी म्हणतच नाही, धंदा बुडत असेल तर करा, पण मग माणूस मोकळा करा. बघा किती कंपन्यांना अचानक पगार परवडायला लागतो. पायलट टिकवायचा असेल तर त्याच्याशी बोलावं लागेल, रात्री मेल टाकून चालणार नाही. टाइप रेटिंगच्या बॉन्डला पण हेच लावा, तुम्ही विमान उभं केलंत तर बॉन्ड कसला.

दुसरं, कंपनीचं परमिट रिन्यू करताना किंवा नवीन विमान आणायची परवानगी देताना डीजीसीएवाले शंभर कागद बघतात त्यात पगार थकलेत का हा एक कागद बघावा, आणि तो कंपनीच्या सीएने नाही, बँक स्टेटमेंटने सिद्ध व्हावा. पगार थकलेली कंपनी मेंटेनन्समध्ये पण हात आखडतेच, हे समजायला एव्हिएशनची डिग्री लागत नाही. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झालीय, त्यात महिन्याचा पगार पुढच्या ७ तारखेच्या आत आणि नोकरी संपली तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब असं लिहिलंय, त्यात मॅनेजर-सुपरवायझर पण येतात, मग पायलट का नाही येणार. हे पायलटला लागू आहे असं तुमच्या खात्याने एका परिपत्रकात, दोन ओळींत, कंपन्यांना कळवलं तरी फरक पडेल. पायलटबरोबर इंजिनिअर आणि लोडिंगची पोरं पण घ्या त्यात, त्यांची अवस्था याहून वाईट आहे आणि त्यांच्या भावांना पत्रं लिहायला वेळ पण नाही.

सहकार खातं पण तुमच्याकडेच आहे, त्याचं गाऱ्हाणं वेगळं आहे, ते परत कधी.

तुम्ही पैलवान माणूस, म्हणून एक विचारतो, कुस्तीत एकाचे हात बांधून दुसऱ्याला सोडलं तर पंच काय करतो? इथे पंच तुम्ही आहात.

कुंभाच्या कामांच्या पाहणीला ओझरला याल तेव्हा सांगा, मी मेल, पे स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, नियमाची पीडीएफ सगळं प्रिंट काढून घेऊन येतो, पाच मिनिटं पुरे. आणि लेखी उत्तर पाठवणार असाल तर इंग्रजीत पाठवलं तरी चालेल, फक्त त्यात "ही बाब मालक आणि कर्मचारी यांच्यातील असून या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही" हे वाक्य नको. ते एका ऑफिसातून आमच्याकडे ऑलरेडी आलंय.

आपला,
निफाड तालुक्यातला एक द्राक्षवाला